पतंग, मामंजींना सांग

"पतंग, मामंजींना विचार, भाकऱ्या दोन वाढू का तीन?"

पतंगने नुसते कान हलवले. तबेल्याच्या दाराशी बसून लगामाचा तुटका पट्टा शिवणारे मामंजी मान वर न करता म्हणाले, "पतंग, सूनबाईला सांग, आज एकच बास."

पतंग म्हणजे आमचा घोडा. तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. शिंगरू असताना वाऱ्याला लागला की हातात म्हणून राहायचा नाही, त्यावरून हे नाव. मामंजी म्हणजे माझे सासरे, भागोजी आखाडे. माथेरानात त्यांची हयात पाहुण्यांना घोड्यावर बसवून पॉइंट दाखवण्यात गेली. आमच्या डोंगरावर मोटारगाड्यांना बंदी, त्यामुळे घोडा, हातरिक्षा नाहीतर स्वतःचे पाय.

आता सून आणि सासरा घोड्याच्या तोंडून का बोलत होते, ते सांगायला हवं. आखाड्यांच्या घरात सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. डोक्यावर पदर, नजर खाली आणि तोंडाला कुलूप. एरवी घरात सासू असते, ती इकडचं तिकडे पोचवते. माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. नवरा, जयराम, एका हॉटेलात आचारी. तो पहाटे जायचा तो सगळी झोपल्यावर यायचा. मग आम्ही दोघंच. लग्नानंतरचा पहिला आठवडा मी डाळीत मीठ कमी घालत होते आणि मामंजी बिचारे मुकाट गिळत होते. शेवटी एक दिवस त्यांना राहवलं नाही. खरारा करता करता ते घोड्याला म्हणाले, "पतंग, डाळीला मीठ न्हाय रे." मी चुलीपासून ओरडले, "पतंग, त्यांना सांग, उद्यापासून घालते." तेव्हापासून आमचं सुरळीत चाललं. वर्षभर त्या मुक्या जनावरानं आमच्या घरचा संसार बोलून चालवला.

पण भाकरी एकच, हे काही बरोबर नव्हतं. ऐन मे महिना, माणसांची ही झुंबड उडालेली, सकाळपासून इको पॉइंट ते शार्लोट लेक नुसती पायपीट. एवढं चालून आलेला माणूस तीन भाकऱ्यांवरून एकीवर येतो? मी पतंगकडे बघितलं. तो आपला गवतात तोंड घालून उभा.

त्याच आठवड्यात घरावर संकट आलं. मामंजी तोंड पाडून आले, त्यांच्या मागोमाग मुळ्ये डॉक्टर. मुळ्ये डॉक्टर हे घोड्यांचे डॉक्टर, खालून ठरावीक दिवशी वर यायचे. त्यांनी पतंगच्या कमरेवर दोन्ही हातांनी दाबलं. पतंगला तिथे जन्मापासून गुदगुल्या व्हायच्या. तो खाली वाकला आणि बाजूला सरकला.

"बघा!" डॉक्टर म्हणाले. "कंबर दुखतेय त्याची. नशीब भागोजी, बाटली वेळेवर आणलीत. इतकी लाल लघवी म्हणजे मागच्या पुठ्ठ्यांवर भार आलाय. काम नसताना उभ्या उभ्या दाणा खाल्ला आणि मग एकदम पळवलं की असं होतं. दाणा बंद, हिरवं गवत द्या, पाणी भरपूर पाजा. ही पावडर पाण्यातून. आणि मी सांगेपर्यंत सवारी अजिबात नाही."

"सवारी न्हाय?" मामंजींचा आवाज खोल गेला.

"घोडा हवाय ना? मग नाही."

रात्री जयरामनं कपाळाला हात लावला. "अख्खं वर्ष आपण या महिन्यावर काढतो, आन् ह्यालाच आत्ता बसायचं होतं!" मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, घोड्याच्या काळजीनं माणूस खचला. मला फार वाईट वाटलं.

पतंगला मात्र कुणी सासुरवाडीला पाठवल्यासारखी चैन झाली. हिरवं गवत काय, सावली काय! पहिले दिवस मजेत गेले, मग साहेबांना कंटाळा आला. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या लुगड्याचा पदर त्यानं खाल्ला. नंतर जयरामच्या टोपीचा नंबर लागला. आजारी जनावर म्हणून त्याला कुणी काही बोलायचं नाही. आणि खरा आजार कुठे होता, ते माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हतं.

दिसलं ते झाडू मारताना. लग्नाआधी घोड्याची लघवी कशी असते याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझे वडील नेरळला शिंपी. आमच्याकडे फार तर शेजारची शेळी. पण वर्षभर तबेला झाडणाऱ्या बाईला सगळं पाठ होतं. पतंगची लघवी होती तशीच होती, दाट आणि पिवळी. मला वाटलं, पावडरीनं गुण दिला. मग संध्याकाळी मामंजींना बघितलं. त्यांनी पावडरीच्या पुडीतली चिमूट पतंगच्या बादलीत न टाकता स्वतःच्या पेल्यात टाकली, बोटानं ढवळली आणि डोळे मिटून घटाघटा प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आंघोळीनंतर मी न्हाणी धुवायला गेले. दगडाच्या खाचेत लाल पाणी साचलं होतं.

मी तिथेच खाली बसले. आणि मग एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसली. एका भाकरीवर आलेली भूक. खोगीर उचलताना डाव्या कुशीवर जाणारा हात. पतंगच्या मागच्या पायाला नाल ठोकताना अर्ध्यावर टाकलेला हातोडा. आणि ती बाटली. बाटली पतंगची नव्हतीच. माणसांचा दवाखानाही गावात होता, पण तिथे गेलं की तासाभरात बाजारभर होणार आणि डॉक्टर खाली जायला सांगणार. घोड्यांच्या डॉक्टरकडे गेलं की बदनाम फक्त घोडा! घोडा दहा माणसांएवढा, म्हणून त्याच्या औषधाची आपल्याला चिमूट पुरे, हा हिशेबही मामंजींनी घरच्या घरीच लावला होता.

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण बोलू कुणाशी? जयरामला सांगावं, तर बाप-लेक एकदा भांडले की दोघं महिनाभर अबोल. आणि सून सासऱ्याला विचारणार काय, तर तुमची लघवी लाल का? त्यापेक्षा पॉइंटावरून उडी मारणं सोपं.

शेवटी जो होता त्याच्याकडेच गेले. मामंजी पायरीवर पट्टा शिवत बसले होते. मी पतंगच्या पुढ्यात पाण्याची बादली ठेवली आणि पदर पुढे ओढला.

"पतंग, खरं सांग. तुझी लघवी तर पिवळी आहे. मग बाटलीतली लाल कुणाची होती?"

मामंजींच्या हातातली सुई थांबली.

"पतंग," ते म्हणाले, "सूनबाईला सांग, तबेल्यातल्या गोष्टी तबेल्यात ऱ्हाऊ द्याव्यात."

"पतंग, त्यांना सांग, मी न्हाणीतली गोष्ट बोलतेय."

आता काय बोलणार? मामंजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पतंग बादलीत तोंड घालून निवांत पाणी पीत होता. असा मध्यस्थ कुणाला मिळायचा नाही.

"पतंग, त्यांना विचार, दुखतं का?"

"सांग तिला, थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

मामंजींनी सुई पट्ट्यात खोचून ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पतंग, तुला ठावं हाय. हिच्या सासूला हातरिक्षात घालून खाली न्हेली. चार दिवसांत आणतो म्हन्ले वर. काय आणलं? खाली गेल्यालं मानूस वर येत न्हाय रे. मला हितंच ऱ्हाऊ दे."

त्या घरात सासूबाईंबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकत होते, तेही घोड्याला सांगताना. पण मी शिंप्याची पोर, धागा तुटला म्हणून कापड टाकून द्यायची आम्हाला सवय नाही.

"पतंग," मी म्हणाले, "मामंजींना सांग, मी खालचीच आहे. खालूनच वर आलेय. आले की नाही? आणि राहिलेय की नाही?"

मामंजींनी मान वर केली. माझ्याकडे नाही, पण माझ्या पावलांपर्यंत तरी त्यांची नजर आली. पतंगनं बादलीतून तोंड काढून जोरात फुरफुर केली आणि दोघांच्या अंगावर पाणी उडवलं.

"पतंग," ते म्हणाले, "इचार तिला, ती येल का बरूबर?"

सकाळी निघालो. जयरामला मी रात्रीच सांगितलं होतं. तो आधी भडकला, मग हॉटेलात सुट्टी सांगायला गेला. गाड्या जिथवर येतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत मामंजींना चालवेना, म्हणून त्यांना पतंगवरच बसवलं. लगाम जयरामच्या हाती, मागे पिशवी घेऊन मी. बाजारातून जाताना सगळे घोडेवाले बघत राहिले. आजारी घोड्यावर धडधाकट मालक! एकानं तर तोंडावरच विचारलं, "भागोजी, कसाई झालास का काय?"

आणि नेमके समोरून मुळ्ये डॉक्टर. त्यांनी छत्री आडवी धरून वाटच अडवली.

"भागोजी! अहो, काय हे! मी सांगितलं काय होतं? तुम्ही त्या मुक्या जिवावर बसलात?"

मामंजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एकीकडे अब्रू, दुसरीकडे पतंगचं नाव. शेवटी पतंग जिंकला.

"डाक्टर, घोडा ठणठणीत हाय. आजारी मी हाय. ती बाटली माझी व्हती."

मुळ्ये डॉक्टरांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. मग इतके हसले, इतके हसले की डोळे पुसावे लागले. "आजवर एकाही घोड्यानं मला फसवलं नव्हतं हो, भागोजी!" पण पुसता पुसताच त्यांचा चेहरा बदलला. खाली उतरवून त्यांनी मामंजींच्या डाव्या कुशीवर हलकं दाबलं. मामंजी कळवळले. "हे गुदगुल्यांचं नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगात तापही आहे. कर्जतला थांबू नका, थेट मुंबईला न्या. आणि ती पावडर तेवढी बंद करा, देवाशपथ."

मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी झाली, मोठ्या मशिनमधले फोटो झाले. मग डॉक्टर खांबेटे नावाच्या सर्जनबाईंनी आम्हाला बोलावलं. ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. पेन घेऊन त्यांनी कागदावर एक आकृती काढली आणि मामंजींसमोर सरकवली.

"काका, हे काय आहे?"

मामंजींनी बघितलं. मग त्यांनी जयरामकडे, पुन्हा कागदाकडे बघितलं. "नाल हाय. घोड्याची."

"ही तुमची किडनी आहे."

जयराम म्हणाला, "बाई, ते घोडेवाले आहेत म्हणून तुम्ही चेष्टा..."

"चेष्टा नाही. माणसाला दोन किडन्या असतात, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या. काही जणांच्या आईच्या पोटातच खालच्या टोकाला एकमेकींना चिकटतात आणि अशी नाल तयार होते. जन्मापासून आहे. कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. काही केल्यामुळे झालं नाही, काही खाल्ल्यामुळे नाही."

"घोड्याच्या लाथेनं न्हाय?" मामंजींनी विचारलं. पहिली शंका त्यांनी आधी मिटवून घेतली.

"नाही हो."

"बरं. आन् नालेचं तोंड वर का खाली?"

डॉक्टरबाईंना समजेना. मी तोंडात पदर कोंबला. आमच्याकडे दारावर नाल ठोकतात ती तोंड वर करून, म्हणजे घरात आलेलं सुख सांडत नाही.

"वर," त्या म्हणाल्या.

"मग हरकत न्हाय," मामंजी म्हणाले.

पण हरकत होती. डॉक्टरबाईंनी आकृतीवर दोन बारीक रेघा काढल्या. चिकटलेल्या किडनीतून लघवी सरळ उतरत नाही, त्या जोडावरून वळसा घालून यावं लागतं. वळणावर ती तुंबते, तुंबली की खडे होतात. मामंजींच्या डाव्या बाजूला खड्यांचा ढीग झाला होता, ती बाजू फुगली होती आणि आता आत पूही व्हायला लागला होता.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"घोड्याचं झालं की मग पितो," मामंजी म्हणाले.

"म्हणजे पीत नाही," त्या म्हणाल्या.

मामंजी विचार करत होते. गावात त्यांनी काहीबाही ऐकलेलं. "बाई, एक खराब झाली तर काढून टाका की. मानूस एकीवर जगतो म्हंत्यात."

"दुसऱ्या कुणाचं असतं तर बघितलं असतं. तुमच्या दोघी हातात हात धरून बसल्यात. जोडातून रक्ताच्या नळ्या कुठून कुठे गेल्यात, त्याचा नेम नाही. एकीला ओढायचं तर दुसरीलाही दुखापत. म्हणून दोघींना वाचवायचं. आधी पाठीतून नळी घालून पू बाहेर काढू, ताप उतरवू. मग त्याच वाटेनं दुर्बीण घालून खडे फोडून काढायचे. पण आता उशीर केला, तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

मामंजींनी कागदावरच्या नालेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट उचललं नाही. सगळी मिजास गेली होती. मला तो माणूस एकदम म्हातारा वाटला आणि मी मनात खंडोबाला हात जोडले.

नळी घातली, ताप उतरला. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना हिरवे कपडे घालून चाकांच्या पलंगावर निजवलं. दारापर्यंत आम्ही दोघं गेलो. दार उघडलं, आतून थंड हवा आली. मामंजींनी मान फिरवून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. काहीतरी शोधत होते. मला कळलं काय ते.

"पतंग..." ते म्हणाले आणि थांबले. तिथे पतंग कुठला यायला! भिंत होती, औषधाचा वास होता, घाईत असलेली नर्स होती.

मग त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"शालन," ते म्हणाले, "तू हितंच थांबशील न्हवं?"

माझं नाव त्यांना ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. पदर डोक्यावरून पडला, तो मी सावरला नाही. "थांबते, मामंजी," मी म्हणाले. "तुम्हाला घेऊनच वर जायचंय." जयराम तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होता.

मी थांबले. चहाला गेले नाही, कुठेच नाही. दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या, टोपी काढत म्हणाल्या, "नाल शाबूत आहे." आणि एका डबीत ठेवलेले खडे दाखवले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या पुढच्या पेशंटकडे पोचल्याही होत्या.

घरी सोडताना त्यांनी बजावलं, पाणी घोड्याच्या आधी प्यायचं. दर वर्षी तपासणीला यायचं. तो जोड पोटात मणक्यांच्या अगदी पुढे आहे, तिथे मार बसता कामा नये, तेव्हा लाथ मारणाऱ्या जनावराच्या मागे उभं राहून नाल ठोकायची नाही. आणि सांगेपर्यंत घोड्यावर बसायचं नाही. "हळूहळू चालायला हरकत नाही," त्या म्हणाल्या.

दस्तुरीला पोचलो तेव्हा शेजारचा घोडेवाला पतंगला घेऊन उभा होता. पतंगनं मामंजींना हुंगलं, खांद्याला तोंड घासलं आणि सवयीनं त्यांची अर्धी टोपी खाल्ली. मामंजींनी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. जयराम सामान घेऊन पुढे झाला.

मग मामंजींनी रिकीब धरली. "पतंग, सूनबाईला सांग, बसायचं."

मी हबकले. आखाड्यांची सून, भर बाजारातून, सासऱ्यासमोर घोड्यावर? शिवाय त्या वर्षभरात मी घोड्याला चारा घातला होता, त्याच्याशी घरादारातलं बोलले होते, पण त्याच्या पाठीवर बसायची माझी छाती नव्हती.

"पतंग, त्यांना सांग, मी चालते."

"सांग तिला, म्हातारं मानूस परत परत म्हन्त न्हाय."

बसले. दोन्ही हातांनी खोगीर धरून, डोळे गच्च मिटून. मामंजींनी लगाम धरला आणि चालायला लागले, हळूहळू, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं. तांबडी वाट, दोन्ही बाजूंना झाडी. थोड्या वेळानं मी डोळे उघडले. वरून सगळं वेगळंच दिसत होतं.

मामंजी पुढे बघत घोड्याशी बोलत होते.

"पतंग, सगळी मुंबई फिरवली रे आपन ह्या पाठीवर. शेठ बघितले, शेठानी बघितल्या. हिची सासू मातर एक दिस बसली न्हाय. मला म्हन्ली व्हती एकदा, मला दावा की वो तो तुमचा पॉइंट. मी म्हन्लं, सीझन सरू दे. सीझन कंदी सरतो का रे, पतंग?"

पतंगनं कान हलवले. मी पदरानं डोळे पुसले, आणि मामंजींनी मागे वळून बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

बाजाराच्या तोंडाशी मुंबईचं एक जोडपं वाटेत आलं. बाई उन्हानं लालबुंद, पुरुषाच्या गळ्यात कॅमेरा. लगाम धरलेला घोडेवाला दिसला, तसा त्यानं हात वर केला.

"काय बाबा, ह्या बाईंना सोडून आलात की घोडा मोकळा होईल का?"

सगळे घोडेवाले बघत होते. मामंजींनी डोक्यावरची अर्धी खाल्लेली टोपी सारखी केली.

"न्हाय, साहेब," ते म्हणाले. "आज घोडा मोकळा व्हायचा न्हाय. घरची सवारी हाय."

आणि घराकडे जाणारी वाट सोडून त्यांनी पतंगला पॉइंटाच्या वाटेला वळवलं.